सासूचं वळण

१

मी बाटल्या धुतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला शास्त्रज्ञ समजायला नको. शाळा मी चौथीत सोडली. मास्तरांचं म्हणणं, त्यांनीच मला सोडवलं. पण नदीच्या पाण्याचं संशोधन करणाऱ्या या लॅबमधली प्रत्येक बाटली माझ्या हातून जाते. ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवायची, डिस्टिल्ड पाण्यानं खंगाळायची, पुन्हा खंगाळायची, पुन्हा, आणि तोंड खाली करून खुंटीवर अडकवायची. पुसायची नाही. फडकं लावलं की सगळी मेहनत पाण्यात. नवीन आलेला प्रत्येक पदवीवाला एकदा तरी फडकं लावतो आणि माझ्या शिव्या खातो.

लॅबची प्रमुख माझी मुलगी आहे. हे वाक्य मला दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगावं लागतं, नाहीतर जेवण पचत नाही. या नदीचं अख्खं खोरं तिनं पिंजून काढलंय. शेतातलं खत कुठं उतरतं, कारखान्याचं रंगीत पाणी कुठं मिसळतं, शहराची घाण कुठवर पोचते, हे ती झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणतो आणि ती मला काका म्हणते. रागावली की तोंडातून 'बाबा' निघतं. त्यामुळे मॅडम कधी चिडल्या ते सगळ्या ऑफिसला कळतं.

आता कोऱ्या बाटलीचं सांगायला हवं. नदीच्या नमुन्यांच्या बाटल्या रिकाम्या जातात आणि भरून येतात. त्यांच्याबरोबर एक बाटली मी इथूनच डिस्टिल्ड पाण्यानं काठोकाठ भरून देतो. ती बर्फाच्या पेटीत बसून सगळा प्रवास करते, नदीकाठी तिचं झाकण थोडा वेळ उघडतात, परत लावतात, आणि ती जशीच्या तशी घरी येते. मशीनमध्ये घातली की तिच्यात काही म्हणजे काही निघता कामा नये. निघालं, तर ती घाण नदीची नाही, आपली. आपल्या हातांची, आपल्या गाडीची. माझ्या कोऱ्या बाटलीत कधी काही निघालं नाही. बाहेरच्या देशातले लोक येऊन बघून गेले. मुलीनं त्यांच्यासमोर माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, "हे आमचं शून्य." माझा एवढा मान कुणी केला नव्हता.

मशीनवर बसतो तो ढापण्या. चष्मा जाड आहे म्हणून नाव मीच ठेवलंय. कोरी बाटली कुठली, हे त्याला कळू द्यायचं नसतं; शून्य येणार हे माहीत असलं की माणूस नीट बघत नाही. म्हणून तिच्यावर एका खोट्या ठिकाणाची चिठ्ठी लावायची. मुलगी विचारायला आली होती.

"काका, नदीवरचं वाटेल असं एखादं नाव सांगा. पण तशी जागा कुठं असता कामा नये."

"सासूचं वळण," मी म्हटलं.

"असं कुठं नाव असतं?"

"माझ्या सासूच्या घरात वळण कुणालाच नव्हतं, तुझ्या आईसकट. नसलेल्या जागेला तेच बरं."

ती हसली आणि लिहून घेतलं. ढापण्याला इतक्या वर्षांत कळलं असणारच. पण कळल्याचं तो दाखवत नव्हता आणि आम्हीही विचारत नव्हतो. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

२

जुना ड्रायव्हर निवृत्त झाला आणि नवा आला. हा आधी ट्रकवर होता. पन्नाशीचा, भरघोस मिशा, अंगाला तंबाखूचा वास, आणि तोंडात प्रत्येक दोन शब्दांमागे एक शिवी. मला आवडला. पुलावरून दोरीनं बादली सोडून बाटल्या भरायचं काम ड्रायव्हरच करतो. कोऱ्या बाटलीचं जुन्यानं नव्याला सांगितलं असेल असं मॅडमना वाटलं, मॅडमनी सांगितलं असेल असं मला वाटलं. कुणीच सांगितलं नव्हतं.

पहिल्याच फेरीची पेटी दुपारी आली. मी बर्फातून बाटल्या काढून ओळीनं लावत होतो. सासूचं वळण हातात घेतली आणि थांबलो. मी भरतो तेव्हा बुडबुडासुद्धा राहू देत नाही. हिच्यात बोटभर हवा होती. उजेडात धरली तर तळाशी चिमूटभर वाळू.

बाहेर अंगणात जाऊन मी त्याला धरला.

"ही बाटली कुठं उघडलीस?"

"कुठली, सासूची? सासूच्या वळणावरच की. चिठ्ठी वाचता येते मला, काका."

"अरे, ही मी भरून दिली होती!"

"ते बघितलं. म्हटलं, म्हातारबा रिकामी करायला विसरले वाटतं. ओतून टाकली आणि तिथली भरली."

"तिथली म्हणजे कुठली, गाढवा?"

"वरचा पूल ओलांडला की डावीकडं कच्चा रस्ता उतरतो, तिथं. लांब पडतं हो हे ठिकाण."

"तुला दाखवलं कुणी?"

"दाखवायचं काय त्यात? वळण दिसलं, वळलो."

थापाड्या ओळखायला मला शाळा लागत नाही. चिठ्ठीवरचं ठिकाण सापडलं नसणार, पहिल्याच दिवशी बोलणी खायला नकोत म्हणून कुठंतरी ओढ्यात बाटली बुडवून आणली असणार. मी त्याला चार शब्द सुनावले, त्यानं मला पाच सुनावले, आणि आम्ही चहा प्यायला गेलो. बाटली ओतून टाकायला हवी होती. पण नियम म्हणजे नियम. पेटीतून आलेली प्रत्येक बाटली मशीनवर जाते.

३

ढापण्या मॅडमच्या खोलीत आला तेव्हा मी तिथं पंख्याची धूळ झटकत होतो.

"मॅडम, सासूच्या वळणात या वेळी पाणी आलंय."

"पाणीच असतं त्यात," मुलगी मान वर न करता म्हणाली.

"तसं नाही. नदीचं."

मी शिडीवरून ड्रायव्हरचा पराक्रम सांगितला. मुलगी कपाळाला हात लावून हसली. ढापण्या हसला नाही. त्यानं पाण्याचे आकडे तिच्यापुढं ठेवले आणि हळू आवाजात बोलायला लागला. क्षार आपल्या नदीचेच, म्हणाला, तोच खडक, तीच माती. पण खत नाही. साबण नाही. कारखान्याचे धातू नाहीत, माणसं खातात त्या गोळ्यांचा अंश नाही, प्लास्टिकचा कण नाही. आणि सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळ्याचे असे प्रकार दिसतायत, जे त्यानं फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेत.

"म्हणजे स्वच्छ आहे," मी म्हटलं.

"स्वच्छ म्हणजे काय काका... या पाण्याकाठी कधी माणूसच राहिला नाही, असं आहे ते."

मुलीचं हसणं थांबलं होतं. तिच्या मनात काय आलं ते मला तिथंच, शिडीवर उभ्या उभ्या कळलं. गेली कित्येक वर्षं प्रत्येक सभेत कारखान्यांचे वकील तिला एकच प्रश्न विचारून खाली बसवतात: मॅडम, नदी बिघडली म्हणता, पण मुळात ती होती कशी? मोजायचं कशाशी? तिच्याकडं उत्तर नव्हतं. तिच्या जन्माच्या आधीच नदीला हात लागलेला होता, माझ्या जन्माच्याही. आणि आता ते उत्तर एका बाटलीत टेबलावर उभं होतं.

"नकाशा काढ," ती म्हणाली.

नकाशात वरच्या पुलापुढं नदी काठीसारखी सरळ जाते. वळण नाही. डावीकडं रस्ताही नाही.

"नकाशा जुना आहे," ढापण्या म्हणाला.

"असेल," मुलगी म्हणाली. "एखादा बाजूचा झरा असेल. त्याला सांगा, दर फेरीला तिथली भरून आण."

त्या दिवसापासून कोरी बाटली वेगळ्या नावानं जायला लागली. नाव गेलं माझं त्या पाण्याला. मला राग यायला हवा होता. खरं सांगू? छाती फुगली. मी तोंडातून काढलेला शब्द, आणि तशी जागा निघाली.

४

मिशीवाल्यात फरक पडत गेला, तो मी आधी चांगला समजलो. तंबाखूचा वास गेला. सुटली वाटतं सवय, म्हटलं. मग शिव्या गेल्या. गाडीसमोर कुत्रं आलं तरी नुसता ब्रेक दाबायचा आणि शांत बसायचा. मी मुद्दाम खोड्या काढल्या, त्याच्या आईवडिलांपर्यंत पोचलो, तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं काका." शिवी न देणारा ट्रक ड्रायव्हर मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्या दिवशी मला चहा गोड लागला नाही.

मग कॉलेजच्या मुलींची सहल लॅब बघायला आली. पाहुणे आले की एक खेळ मी करून दाखवतो, तो माझ्यावरच सोपवलेला आहे. काचेच्या भांड्यात डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, त्यात मीटरची कांडी सोडायची. काटा शून्याला चिकटून राहतो. मग पाहुण्याला सांगायचं, बोट बुडवा. बोट बुडलं की घामातलं मीठ पाण्यात उतरतं आणि काटा उसळी मारतो. मी म्हणतो, "हा बघा, माणूस आला!" पोरी खिदळतात. एकेकीनं बोट बुडवलं, दर वेळी नवीन पाणी, दर वेळी काटा उडाला.

मिशीवाला बर्फाची पेटी घेऊन चालला होता. पोरींनी ओरडा केला, "ड्रायव्हरकाका, तुम्ही पण!"

त्यानं पेटी खाली ठेवली आणि बोट बुडवलं.

काटा हलला नाही.

पोरी हसायच्या थांबल्या. मी कांडी हलवली. तारा बघितल्या. त्याचं बोट पाण्यातच होतं, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि काटा भिंतीवरच्या खिळ्यासारखा गप्प. त्यानं बोट काढून घेतलं, पुसलं नाही, पेटी उचलली आणि सगळ्यांना नमस्कार करून गेला.

"मीटर बिघडलं," ढापण्या म्हणाला आणि त्याच पाण्यात स्वतःचं बोट घातलं. काटा उडाला.

"वय झालं की घाम कमी येतो काका," तो म्हणाला. मी म्हटलं, मी त्याच्यापेक्षा म्हातारा आहे. आणि मी बोट घातलं. काटा पार टोकाला जाऊन आदळला. ढापण्यानं चष्मा काढून पुसला.

५

मुलगी म्हणाली, मी स्वतः जाऊन जागा बघणार. मोठी सभा तोंडावर आली होती. डोळ्यांनी न बघितलेल्या ठिकाणाबद्दल उभं राहून बोलणं तिला पटत नव्हतं.

"ती जागा नाही," मी म्हटलं. "नाव मी काढलंय."

"नाव तुमचं खोटंच आहे बाबा. पाणी खरं आहे ना? तो कुठून तरी भरतोच. मग बघायला नको?"

ती हुशार आहे, मी कुठं नाही म्हणतो? मिशीवाल्याच्या बोटाचं सांगितलं, तर तिनं मीटर दुरुस्तीला पाठवायला सांगितलं. शेवटी मी गाडीत जाऊन बसलो आणि म्हटलं, मी पण येणार, आता उतरवायचं तर उचलून उतरव.

सकाळची वेळ. वरच्या पुलावर गर्दी होती, खाली बायका कपडे धूत होत्या, कुणीतरी गाडी धुवायला पाण्यात घातली होती, पोरं उड्या मारत होती. मुलीनं नेहमीप्रमाणे नाक मुरडलं. पूल ओलांडला आणि डावीकडं रस्ता होता. कच्चा, पण चांगला ठळक होता. वळण दिसलं, वळलो.

जागा सुंदर होती, हे मला सांगितलंच पाहिजे. नदी तिथं कोपरात वाकवलेल्या हातासारखी वळते. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. झुडपात अडकलेली पिशवी नाही, दोरीचा तुकडा नाही, बसून बसून गुळगुळीत झालेला दगड नाही. मुलगी बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर आजारी माणसाची सेवा करावी आणि कुणीतरी त्याचा धडधाकट असतानाचा फोटो हातात द्यावा, तसं झालं असणार तिला. मलाही वाटलं, माझ्या शब्दाचं हे एवढं झालं. खोटं कशाला बोलू.

मिशीवाला आधी पाण्यात उतरला. नमुना घ्यायचा नियम असा, की नदीत उभं राहायचं तर प्रवाहाकडं तोंड करून, आणि बाटली पुढं धरायची, म्हणजे आपल्या अंगाची घाण बाटलीत जात नाही. तो तसा गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मी काठावरून त्याच्या पायांकडं बघत होतो.

वाहत्या पाण्यात काठी रोवली तरी पाण्याला चुणी पडते. पायामागं भोवरा फिरतो. त्याच्या पायांमागं काही नव्हतं. पाणी सरळ येत होतं आणि सरळ जात होतं, जसं तिथं कुणी उभंच नाही.

ऊन पडलंय, उजेडाचा खेळ असेल, म्हणून मी डोळे चोळले. तेवढ्यात मुलगी बूट काढून, पँट दुमडून उतरली सुद्धा. तिच्या पायांना चुणी पडली. दोन्ही पोटऱ्यांमागं छान, ठसठशीत. माझा जीव भांड्यात पडला. ती बाटली घेऊन वाकली, झाकण उघडलं, पाणी भरायला लागली. आणि तिच्या मागची चुणी बारीक झाली.

मी बघत होतो. आणखी बारीक. उजव्या पायामागची तर केसाएवढी उरली.

मी कसा पळालो मला माहीत नाही. माझे गुडघे जिन्यावरसुद्धा तक्रार करतात. मी तिच्या दंडाला धरून हिसका मारला, आम्ही दोघं काठावर चिखलात पडलो, आणि मी सदरा काढून तिच्या पोटऱ्या लाल होईपर्यंत घासल्या.

"बाबा! बाबा, काय करताय? मी काय चार वर्षांची आहे?"

"गप्प बस. गप्प बस म्हणतो ना."

बाटली तिनं सोडली नव्हती. झाकण लावून छातीशी धरली होती. जिद्द माझीच आहे, दुसऱ्या कुणाची असणार.

मिशीवाला पाण्यातच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. "राहू द्या," तो म्हणाला. "घाई कुठं आहे."

६

सभेत तिनं वकिलांची तोंडं बंद केली. मी पहिल्या रांगेत होतो. पडद्यावर माझ्या उंचीच्या अक्षरांत 'सासूचं वळण' लिहिलेलं होतं, आणि कोट घातलेली मोठमोठी माणसं ते नाव घेऊन आपसांत वाद घालत होती. ठराव झाला: नदी मुळात अशी होती, आणि आता संपूर्ण खोरं या पाण्याइतकं व्हायला हवं. मुलीला व्यासपीठावर उभं करून टाळ्या वाजवल्या. टाळ्या मी सगळ्यात जोरात वाजवल्या. बापानं वाजवायच्या नाहीत तर कुणी?

मग आकडे सुधारायला लागले.

उगमाजवळचं ठिकाण आधी. ढापण्या नाचत आला, म्हणाला, मॅडम, अगदी सासूच्या वळणाइतकं. त्यानंतर त्याखालचा बांध. कारखाने अजून बंद नव्हते झाले, गटारं वळवली नव्हती, ठरावाची शाई वाळली नव्हती. मुलगी म्हणाली, लोक जागे झालेत, आपणहून काळजी घेतायत. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. मी तो खुंट्यांच्या फळीवर चिकटवलाय.

वरच्या पुलाचा नमुना स्वच्छ आला, त्या दिवशी मी मिशीवाल्याला अंगणात गाठलं.

"पुलावर गर्दी असायची. बायका, पोरं. ते लोक काय म्हणतात?"

त्यानं माझ्याकडं आदरानं बघितलं. आठवायचा प्रयत्न केल्यासारखं केलं.

"कसले लोक, काका?"

मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही दमलाय, थोडे दिवस घरी बसा. वरच्या गावातल्या तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीला फोन कर, म्हटलं. तिनं भुवया आक्रसल्या. "कुठली मैत्रीण?" मग लगेच म्हणाली, "हो हो, करते." केला नाही. आणि चेहरा इतका उजळलेला, की लहानपणी पहिला नंबर आला तेव्हा सुद्धा तसा नव्हता. म्हणाली, "बाबा, असंच चाललं तर पुढच्या खेपेला आपल्या घाटापर्यंत येईल."

"शाब्बास," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

पण आता रोज सकाळी मी साबणाची वडी घेऊन घाटावर जातो. गुडघाभर पाण्यात उभा राहतो, पाय घासतो, तोंड धुतो, खाकरून थुंकतो. शेजारच्यांना हाका मारून बोलावतो, म्हणतो, या, कपडे आणा, भांडी आणा, गाडी आणा. लोकांना वाटतं म्हातारा फिरला. जन्मभर बाटलीला बोट लावू न देणारा माणूस, आणि नदीत फेस करतो.

काल मुलीनं बघितलं. काठावर येऊन उभी राहिली, सगळ्यांसमोर, आणि लाजेनं तिचा चेहरा लाल झाला होता.

"बाबा! नदीत साबण? मॅडमचा बाप असं करतो, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत," मी म्हटलं, आणि आणखी साबण लावला. "म्हणायला असले म्हणजे झालं."

ती पाय आपटत गेली. वरच्या अंगानं पाणी येत होतं, नितळ, गोटे मोजावेत असं. मी फेसाचा एक मोठा गोळा केला आणि सोडला. तो खाली वाहत जाताना दिसला. घाटाखालच्या पुलापर्यंत दिसला. तिथं पोहणाऱ्या एका पोराला तो लागला आणि त्यानं मला आईवरून शिवी दिली.

मी त्याला हात जोडले.